हातावर डोळे मिटून बसलेलं पिल्लू

एका वडिलांचं पत्र आहे. त्यांची मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेतीन. घरात बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीसारखा गळा फुगवणारा पाळीव सरडा, लाडाने ‘बिअर्डी’, हवा असा मुलीचा वर्षभर हट्ट चाललाय, आणि नुसता हट्ट नाही, तिने वाचून वाचून वही भरली आहे. शेवटी सगळं कुटुंब एका ब्रीडरकडे पिल्लं बघायला गेलं. एका टबात सात आठवड्यांची अकरा पिल्लं होती. दहा जणांची पळापळ चालू होती. अकरावं, सगळ्यांत लहान, कोपऱ्यात पडून होतं. मुलीने नेमकं तेच उचललं, तर ते तिच्या तळहातावर डोळे मिटून बसलं. “हे अगदी शांत आहे, मुलांच्या घरात असंच न्यावं,” असं म्हणून ब्रीडरने ते रविवारपर्यंत राखून ठेवलंय. मुलीच्या आईचं म्हणणं, एकटं कंटाळेल, दोन घेऊ. त्यातच ओळखीच्या एका घरातून तीन वर्षांचा नर, पेटीसकट, फुकट मिळतोय. पण मुलीला तो ‘म्हातारा’ नको. वडील विचारतात की निरोगी पिल्लू ओळखायचं कसं, लहान घ्यावं की मोठं, एक की दोन. आणि शेवटी लिहितात, “ते छोटं पिल्लू आणलं नाही तर मुलगी मला माफ करायची नाही.”

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या वाक्याकडे मी परत येईन. आधी ते मिटलेले डोळे.

सात आठवड्यांचं धडधाकट बिअर्डी भरदिवसा, अनोळखी हातावर, डोळे मिटून बसत नाही. ते वळवळतं, नखं रोवतं, बाहीवरून खांद्याकडे पळतं, फट दिसली की उडी मारतं. त्या वयात वरून येणारा प्रत्येक हात त्याला पक्ष्याची झडप वाटते. पुढे वर्षा-दीड वर्षात, रोज हाताळून सवय झाली की हाच प्राणी तुमच्या छातीवर पसरून डुलक्या काढेल आणि तेव्हा त्या मिटलेल्या डोळ्यांचं कौतुक जरूर करा. पहिल्याच भेटीत मात्र ते बहुतेक वेळा एवढंच सांगतात की अंगात त्राण नाही, किंवा पळायला जागा नाही म्हणून डोळे मिटून घेतलेत.

म्हणजे ब्रीडरने ज्याला स्वभाव म्हटलं, ते लक्षण असू शकतं. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. अशा टबांमध्ये काय होतं ते सांगते. पिल्लं एकत्र वाढतात तेव्हा त्यांच्यात आठवड्याभरात वरचढ आणि दबलेले अशी वाटणी होते. वरचढ पिल्लं दिव्याखालची उबदार जागा धरून बसतात आणि किडे टाकले की आधी तीच धावतात. दबलेल्याला ऊब कमी मिळते. सरड्याच्या अंगात स्वतःची उष्णता नसते, ऊब मिळाली नाही तर खाल्लेलंही पचत नाही. पचत नाही म्हणून भूक नाही, भूक नाही म्हणून वाढ नाही, वाढ नाही म्हणून आणखी दबणं. अकरातलं सगळ्यांत लहान पिल्लू बऱ्याचदा या चक्रात अडकलेलं असतं. कदाचित त्याला दुसरा कुठलाही आजार नसेल, वेगळ्या टबात चार दिवस ऊब मिळाली तर ते तरतरीतही होईल. पण कदाचित पोटात जंत असतील, हाडं ठिसूळ होत असतील. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, कारण सरडे आजार लपवण्यात पटाईत असतात. रानात जो लंगडतो, तोच आधी उचलला जातो.

माझा पहिला बिअर्डी मी असाच आणला होता. दुकानदार म्हणाला, फार गरीब आहे हो. मला कीव आली. घरी आणल्यावर पहिला आठवडा त्याने किड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मी म्हटलं नवी जागा आहे, रुळेल. दहाव्या दिवशी मागच्या पायांची बोटं थरथरायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर हाडांच्या कडा धड दिसेनात. अतिनील दिवा नाही, कॅल्शियम नाही, त्यातून जडलेला तो हाडांचा आजार, आणि तो माझ्याकडे येण्याआधीच सुरू झालेला होता. पाच आठवडे पिचकारीने औषध आणि पातळ खाणं भरवलं. गेला. त्या पाच आठवड्यांत मी जे शिकले ते दुकानात दहा मिनिटं धीर धरला असता तर फुकट शिकता आलं असतं.

तेव्हा तुम्ही परत जा, पण पहिल्यांदा मुलीला न घेता जा. तिच्या देखत तुम्हाला ‘नाही’ म्हणता येणार नाही, हे तुमच्या पत्रातच दिसतंय. दिवे लागल्यावर दोनेक तासांनी जा, तोवर पिल्लांनी ऊन खाल्लेलं असतं. त्याआधी निरोगी पिल्लूही मरगळलेलं दिसतं. टबापासून चार हात लांब उभं राहून नुसतं बघा. पुढचे पाय ताठ, छाती जमिनीपासून उचललेली, मान वर, अशी पिल्लं कुठली? तुम्ही हललात की कोण मान तिरकी करून एका डोळ्याने तुमचा माग घेतंय? कोण पोट टेकून पसरलंय आणि पसरलेलंच आहे? एखादं पिल्लू पुढचा एक पाय उचलून हळूच गोल फिरवताना दिसेल. मुलीला ते ‘टाटा’ वाटलं असणार, सगळ्यांनाच वाटतं. ते दुसऱ्याला सांगत असतं की बाबा रे, तू मोठा, मला मारू नकोस. अधूनमधून केलं तर ठीक. जे सारखंच करतंय ते दबलेलं आहे. दिव्याखाली बसून तोंड उघडं टाकलेलं दिसलं तर घाबरू नका, अंग जास्त तापलं की ते तसंच उष्णता बाहेर टाकतात. थंड कोपऱ्यात बसून तोंड उघडं, किंवा श्वासाला टकटक, घरघर असा आवाज, नाकाशी फेस, हे छातीच्या संसर्गाचं लक्षण. तिथून पुढे बघायचं कारण नाही.

मग ब्रीडरला सांगा, माझ्यासमोर किडे टाका. ही एक चाचणी बाकी दहा चाचण्यांच्या तोडीची आहे. भुकेलं, निरोगी पिल्लू किडा हलताक्षणी वळतं, झेपावतं, जिभेने टिपतं आणि लगेच दुसरा शोधतं. जे बघतं पण उठत नाही, किंवा झेप घेतं आणि नेम दोन-तीनदा चुकतो, ते सोडा. “आत्ताच खाल्लंय त्यांनी” हे उत्तर आलं तर हसून म्हणा, हरकत नाही, उद्या येतो.

हातात घेताना तळहात खालून सरकवा. त्यांच्या डोक्याच्या मधोमध, खवल्याखाली, एक तिसरा डोळा असतो; त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते, म्हणून वरून आलेला हात त्यांना आणखी भिववतो. आता नाकापासून शेपटीपर्यंत सावकाश बघत जा. डोळे स्वच्छ, पूर्ण उघडे, खोल न गेलेले. डोळे खोल गेले असतील आणि डोक्यावरचे गुबगुबीत उंचवटे बसले असतील तर अंगातलं पाणी आणि चरबी कमी झाली आहे. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखा, सुजलेला नाही, आखूड नाही. तोंड जबरदस्तीने उघडू नका. रागावून त्याने स्वतः उघडलं तर आत गुलाबी आणि स्वच्छ आहे ना, पिवळट दह्यासारखा थर नाही ना, तेवढं बघून घ्या. पाय सरळ, चारही पायांवर भार सारखा, थरथर नाही. पाठीच्या कण्यावर बोट फिरवलं तर वळण किंवा गाठ लागता कामा नये. कमरेची हाडं वर आलेली नसावीत, शेपटीचं मूळ भरलेलं असावं. बिअर्डी आपली शिल्लक तिथे साठवतं. बोटं आणि शेपटीचं टोक मोजून घ्या म्हटलं तरी चालेल, कारण टबातली भावंडं एकमेकांची बोटं कुरतडतात. तुटलेली शेपटी पालीसारखी परत उगवत नाही. जुनी, भरलेली जखम असेल तर तो दोष फक्त दिसण्यातला. टोक काळं, वाळकं असेल तर ते अजून वर चढू शकतं. जुन्या कातेचे वळे बोटांवर अडकलेत का तेही बघा, रक्त अडतं त्याने. कातडीवर पिवळट-तपकिरी खपल्या दिसल्या तर हात धुऊन बाहेर पडा; पाळणारे ज्याला येलो फंगस म्हणतात तो संसर्ग पसरतो आणि हटता हटत नाही.

शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला आडवी फट असते, ती स्वच्छ आणि कोरडी हवी. टबातली ताजी विष्ठा बघायला लाजू नका. घट्ट तपकिरी भाग आणि त्याला जोडून पांढरा, खडूसारखा भाग, हे चांगलं. पाणी-पाणी, चिकट, उग्र घाण वासाची असेल तर जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) असण्याची शक्यता. थोडेफार जंत बहुतेक बिअर्डींच्या पोटात असतात आणि त्यावर उपचारही आहेत, पण मरगळलेलं पिल्लू आणि पातळ विष्ठा एकत्र आली की ते काम पहिल्यांदाच पाळणाऱ्याचं नाही.

एवढं सगळं तपासूनही एक गोष्ट हाताला लागत नाही, ती म्हणजे ॲडेनोव्हायरस. बिअर्डींमध्ये हा विषाणू जुना आहे, विष्ठेतून पसरतो, त्यावर औषध नाही. काही पिल्लं त्याने लवकर दगावतात, काही खुरटतात, आणि काही वरून अगदी सुदृढ दिसत तो आयुष्यभर वाहतात. विष्ठेच्या किंवा स्वॅबच्या पीसीआर चाचणीत तो सापडू शकतो, पण एका चाचणीत नाही आला म्हणजे नाहीच असंही नाही. ब्रीडरला विचारा की पिल्लांच्या आईबापांची चाचणी केली आहे का. उत्तरापेक्षा त्याचा चेहरा बघा. ज्याला प्रश्नच कळला नाही त्याच्याकडून मी घेणार नाही.

खरं तर पिल्लाआधी टब निवडायचा असतो. वर अतिनील किरण देणारी नळी आहे का, आणि ती शेवटची कधी बदलली? दिव्याखाली किती तापमान आहे हे त्याला मोजून माहीत आहे की अंदाजाने? पाणी, स्वच्छता? पिल्लं नेमकी कुठल्या तारखेला अंड्यातून निघाली, आत्ता काय खातात, किती वेळा? हे प्राणी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातले, आणि त्या देशाने आपले वन्यप्राणी व्यापारासाठी बाहेर पाठवणं कित्येक दशकांपासून बंद ठेवलंय. म्हणजे बाहेर मिळणारी पिल्लं पिंजऱ्यातल्या पिढ्यांची असतात आणि त्यांचे आईबाप दाखवणं प्रामाणिक ब्रीडरला जड जाऊ नये. हा प्राणी तुमच्या इथे पाळायला परवानगी आहे का, नोंदणी किंवा कागद लागतात का, हेही त्याच्या तोंडून न घेता संबंधित सरकारी विभागाकडून विचारून घ्या. आणि ‘सिल्कबॅक’ नावाची बिनखवल्यांची गुळगुळीत जात कौतुकाने दाखवली तर नको म्हणा. खवले ही त्या प्राण्याची ढाल. ती काढून घेतल्यावर कातडी फाटते, सुकते, कात नीट निघत नाही. रंगाच्या हौसेला माझा विरोध नाही, या हौसेला आहे.

आता तुम्ही जे विचारलंच नाहीत ते. तुमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हे जंतू सहज असतात. निरोगी दिसणाऱ्या, स्वच्छ ठेवलेल्या बिअर्डीमध्येसुद्धा. त्याला त्याचा त्रास होत नाही, माणसाला होतो. मोठ्यांचं जुलाब-तापावर निभावतं, पाच वर्षांखालच्या मुलांचं कधी कधी रुग्णालयापर्यंत जातं. अमेरिकेत २०१४ मध्ये साल्मोनेलाच्या एका साथीचा माग थेट पाळीव बिअर्डींपर्यंत लागला होता आणि आजारी पडलेल्यांत लहान मुलं मोठ्या संख्येने होती. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, सल्ला स्पष्ट आहे की पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरासाठी सरपटणारे प्राणी योग्य नाहीत. घरात गरोदर बाई, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तरीही तेच.

तुम्ही म्हणाल, आम्ही काळजी घेऊ. मोठी माणसं घेतात. साडेतीन वर्षांचा मुलगा ताईने कुरवाळलेल्या सरड्याची शेपटी धरणार आणि तेच बोट तोंडात घालणार. मी तुमच्या जागी असते तर दीड वर्ष थांबले असते. हे मुलीला आवडणार नाही, मला माहीत आहे. पण बघा, त्या रविवारच्या मुदतीचं ओझं किती हलकं झालं. ती मुदत ब्रीडरची आहे, तुमची नाही. पिल्लं पुढच्या वर्षीही होतील.

थांबणं शक्यच नसेल, तर निदान हे नियम मोठ्यांनी पाळायचे, मुलांच्या भरवशावर सोडायचे नाहीत. पेटी स्वयंपाकघरात नको आणि धाकट्याच्या हाताला लागेल अशी नको, झाकणाला कुलूप. पेटीतली भांडी, फांद्या, दगड स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत. सरड्याला जेवणाच्या टेबलावर फिरवायचं नाही, मुका घ्यायचा नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही. आणि धाकट्याला पाच पूर्ण होईपर्यंत फक्त काचेपलीकडून बघायची परवानगी.

लहान की मोठं, यावर तुमच्या मुलीला मी विचारीन की ‘म्हातारा’ म्हणजे नक्की किती? अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण १० सेंटिमीटरचं आणि दोन-तीन ग्रॅमचं असतं. वर्षभरात ते शेपटीसकट ४५ ते ५५ सेंटिमीटरचं होतं. म्हणजे ती ज्या लहानपणावर भाळली आहे ते फार तर सहा-आठ महिन्यांचं. नीट सांभाळलेला बिअर्डी ८ ते १२ वर्षं जगतो, काही त्याहून जास्त. तीन वर्षांचा नर म्हणजे भर तारुण्यातला गडी.

आणि त्या पिल्लाचे सहा-आठ महिने कसे असतात? दिवसातून दोन-तीन वेळा जिवंत किडे, प्रत्येक किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नाही, बहुतेक जेवणांत कॅल्शियमची पूड भुरभुरून. दिव्याची, तापमानाची छोटी चूकही त्या वयात हाडात उतरते. तीन वर्षांच्या प्राण्याचं खाणं मुख्यतः पालेभाजी, किडे आठवड्यातून दोन-तीनदा. त्याची हाडं घडून झालेली असतात, स्वभाव कळलेला असतो, नर-मादी हा प्रश्न उरलेला नसतो. पहिल्यांदाच पाळणाऱ्या कुटुंबाला मी दहातल्या नऊ वेळा मोठाच सुचवते. पिल्लूच हवं असा आग्रह असेल तर निदान चार-सहा महिन्यांचं, धोक्याचे पहिले आठवडे पार केलेलं घ्या.

एक हिशेब तुमच्यासाठी, मुलीसमोर नको. आज आणलेलं पिल्लू दहा-बारा वर्षं जगलं तर ती तेव्हा एकोणीस-एकवीसची असेल. कदाचित घरात नसेलही. तेव्हा किडे कोण आणणार, डॉक्टरांकडे कोण नेणार? प्राणी तिच्या नावावर असला तरी तो तुमचा आहे. हे तुम्हाला आत्ता, मनापासून, मान्य असेल तरच आणा.

त्या तीन वर्षांच्या नरालाही मात्र तीच तपासणी लागू. फुकट आहे म्हणून डोळेझाक नको. ते लोक का देतायत? वेळ नाही, जागा बदलतायत, मूल कंटाळलं, ही ठीक उत्तरं. ‘हल्ली फारसं खात नाही’ हे उत्तर मात्र पुढचे पाच प्रश्न मागतं. थंडीत मोठे बिअर्डी आठवडेच्या आठवडे सुस्तावतात, कमी खातात, कोपरा धरून झोपतात. पण तेव्हा वजन फारसं उतरत नाही. वजन उतरत असेल तर तो आजार. मोठ्या नराचं वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम असतं, तेव्हा छोटा काटा बरोबर न्या. उलट पोट लोंबतंय, काखेत आणि जबड्याखाली चरबीचे गोळे आलेत, असा लठ्ठ असेल तर रोज जाड अळ्या भरवल्यात. ते सुधारता येतं. दाढी काळी करून मान झटके देत हलवू लागला तर तुमच्यावर रुबाब करतोय, त्याचं मनावर घेऊ नका. ‘पोगोना’ हे त्याचं शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतल्या दाढीवरूनच आलंय.

सोबत मिळणारी पेटी बहुधा लहान असेल आणि दिवा जुना. मोठ्या बिअर्डीला कमीत कमी १२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरची जागा हवी. दिवा दिसायला प्रकाश देत राहतो, पण त्यातले अतिनील किरण वर्षभरात बरेच घटतात. तारीख माहीत नसेल तर नवीन नळी घ्या, पेटीच्या अर्ध्याहून जास्त लांबीची. खिडकीतून ऊन येतं हा हिशेब धरू नका, काच ते किरण अडवते. ऊन खायच्या जागी ३८ ते ४२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २४ ते २८, रात्री दिवे बंद. हे सगळं प्राणी येण्याआधी आठवडाभर रिकाम्या पेटीत चालवून, मोजून बघा. खाली सुरुवातीला साधा कागद अंथरा, विष्ठा दिसते आणि साफ होते. आणि सरडे बघणारा पशुवैद्य आधी शोधून ठेवा, कारण सगळेच बघत नाहीत. प्राणी आणल्यावर पहिल्या आठवड्यात ताजी विष्ठा घेऊन तिथे एक चक्कर मारायचीच आहे.

मुलीच्या वहीत एक गोष्ट लाल शाईने हवी: काजवा. बागेत सापडलेला एक काजवासुद्धा बिअर्डीचा जीव घेऊ शकतो. म्हणून बाहेरून पकडलेला कुठलाच किडा नको.

दोन घेण्याबद्दल तिच्या आईला माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की नको. एकटं असणं ही आपल्याला शिक्षा वाटते, बिअर्डीला ती चैन असते. एकाच दिव्याखाली एकावर एक बसलेले दोन सरडे फोटोत फार गोड दिसतात. प्रत्यक्षात वरचा खालच्याचं ऊन खात असतो. दोन नर असतील तर मारामारी ठरलेली. नर-मादी असतील तर मादीची सुटका नाही, आणि एका मिलनानंतर ती अंड्यांच्या पुढच्या काही खेपा नराशिवायही घालू शकते. त्यात पिल्लांची नर-मादी ओळख खात्रीने पटत नाही. यात आणखी एक गंमत आहे: अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेलं पिल्लू मादी होऊन बाहेर येऊ शकतं. रानातल्या बिअर्डींमध्येही असं घडतं हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं कुणी छातीठोक सांगितलं तरी अंडी घालणाऱ्या माद्यांचं दुखणंखुपणं त्यातून टळत नाहीच. एकटी मादीसुद्धा वांझ अंडी घालते आणि कधी ती अडकतात.

आता ते माफीचं वाक्य. तुमच्या मुलीने अकरांतून सगळ्यांत दुबळं पिल्लू बरोबर हेरलं. तिला काय दिसतंय ते कळलं नाही, पण दिसलं खरं. दुसऱ्या भेटीला तिला न्या आणि तिच्याच वहीतून एकेक गोष्ट तिलाच तपासू द्या. कुणाचे पाय ताठ आहेत, कुणी किडा पकडला, कुणाची शेपटी भरली आहे. त्या छोट्याने काय केलं तेही तिला लिहू द्या. मग ब्रीडरला तिच्या देखत सांगा की या पिल्लाला वेगळ्या टबात ठेवा, ऊब द्या, एकट्याला भरवा, विष्ठा तपासून घ्या. पैसे देऊन ते घरी आणण्यापेक्षा हे त्या पिल्लाच्या जास्त उपयोगाचं आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगता येतं. ती रडेल. रडू द्या. त्याच वेळी समजूत काढायला दुसरं पिल्लू हातात देऊ नका.

महिन्याभराने फोन करून त्याची चौकशी करा, फोन तिलाच करू द्या. आणि तीन वर्षांच्या त्या गड्याला बघायला जायचं ठरलं, तर आधी त्या घरी विचारून घ्या की त्यांच्याकडे दिवा किती वाजता लागतो. त्यानंतर दोन तासांनी पोहोचा.